अंगणातला पिवळा धोत्रा आणि कलकत्त्याची सूज

पावसाळा संपून थंडी सुरू झाली की माझ्या मोबाईलवर रक्ताचे रिपोर्ट आणि पुरळ उठलेल्या हातांचे फोटो यांच्यामध्येच एखाद्या झाडाचा फोटो येतो. खाली मजकूर साधारण ठरलेला असतो : "डॉक्टर, अंगणात आपोआप उगवलंय. फूल छान आहे. विषारी तर नाही ना?" मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही, त्यामुळे बहुतेक फोटो मी एका प्राध्यापक मित्राकडे पाठवतो. एक झाड मात्र मी कोणालाही न विचारता ओळखतो, कारण ते आम्हाला एमबीबीएसला होते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नव्हे, तर पी.एस.एम. म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, पार्कच्या जाडजूड पुस्तकात.

आधी ते झाड तुमच्या डोळ्यांसमोर आणतो. उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत. पाने निळसर हिरवी, कडा खोल कापलेल्या, प्रत्येक टोकाला काटा आणि शिरांवर पांढरे पट्टे, जणू कोणी चुन्याने रेघा ओढल्या आहेत. फूल लिंबासारखे पिवळेधमक, पातळ कागदासारख्या पाकळ्यांचे, बहुधा सहा पाकळ्या, मधोमध लालसर ठिपका. फुलानंतर काटेरी, लांबट बोंड येते. ते वाळले की वरच्या टोकाला उकलते आणि आतून शेकडो बारीक काळपट दाणे सांडतात. एवढे करूनही खात्री होत नसेल तर हातमोजा घालून देठ मोडा. पिवळा चीक आला तर ओळख पटली. काटेरिंगणीही काटेरी असते, पण तिची फुले जांभळी. उत्कटाऱ्याला चेंडूसारखे गोल काटेरी गोंडे येतात. करडईच्या पानालाही काटे असतात, पण तिच्या देठातून असा पिवळा चीक येत नाही. पाथरीची फुले पिवळी, पण चीक पांढरा दुधासारखा.

हा पिवळा धोत्रा. शास्त्रीय नाव आर्जेमोन मेक्सिकाना. कोणी काटेधोत्रा म्हणतात, कोणी फिरंगी धोत्रा, कोणी बिलायत. हिंदीत सत्यानाशी, बंगालीत शियालकाँटा म्हणजे कोल्ह्याचा काटा.

नावातल्या 'धोत्रा' या शब्दाबद्दल डॉक्टर म्हणून माझी एक तक्रार आहे. शंकराला वाहतात तो धोत्रा वेगळ्याच कुळातला, वांग्या-टोमॅटोच्या. पिवळा धोत्रा अफूच्या कुळातला. दोघांत साम्य काय, तर बोंडावरचे काटे. पण विषबाधेची गोष्ट आली की हे नामसाधर्म्य घोटाळा करते. खऱ्या धोत्र्याच्या विषबाधेत तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस काही तासांतच असंबद्ध बोलू लागतो. पिवळ्या धोत्र्याचे विष यातले काही करत नाही. ते गुपचूप, दिवसांमागून दिवस, पायांना सूज आणते. म्हणून 'धोत्रा खाल्ला' असे कोणी सांगितले की कोणता, हे आम्हाला विचारावे लागते.

'मेक्सिकाना' हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले, कारण झाड मूळचे मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातले. तिकडे त्याला चिकालोते म्हणतात. मिरची, बटाटा, काजू, सीताफळ यांच्याप्रमाणे अमेरिकेशी संबंध आल्यानंतरच ते आपल्याकडे पोचले. मिरचीला आपण स्वयंपाकघरात घेतले, हे मात्र रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, बांधावर आणि अंगणाच्या कोपऱ्यात स्वतःच वसले. गुरे-शेळ्या काट्यांमुळे त्याच्या वाटेला जात नाहीत, पाणी थोडे असले तरी भागते, आणि एकेका झाडाचे बी हजारोंनी पडते. आपल्या लोकांनी 'फिरंगी' आणि 'बिलायत' ही नावे देऊन ते परके आहे हे बरोबर नोंदवून ठेवले, याचे मला कौतुक वाटते.

इथे एक वाद सांगायला हवा, कारण त्यावर मला हमखास प्रश्न येतात. "डॉक्टर, हीच ती आयुर्वेदातली स्वर्णक्षीरी ना? मग औषधी असेल." स्वर्णक्षीरी म्हणजे सोन्यासारखा चीक असलेली. चरकसंहितेत हे नाव पोट साफ करणाऱ्या द्रव्यांच्या गटात येते. पण चरकसंहिता रचली गेली तेव्हा मेक्सिकोचे हे झाड भारतात असणेच शक्य नव्हते. त्यामुळे ग्रंथातली स्वर्णक्षीरी ही दुसरीच कोणती तरी वनस्पती असली पाहिजे. काही अभ्यासकांनी हिमालयात वाढणारी, युफोर्बिया गटातली एक वनस्पती सुचवली आहे. जुनी ओळख पुसट झाली, समोर पिवळ्या चिकाचे झाड मुबलक होते, आणि नाव त्याला चिकटले. हा दोष ग्रंथाचा नाही. नावावरून झाड ठरवण्याची सवय आपल्या सर्वांनाच असते.

आता कलकत्त्याकडे वळू.

१८७७ मध्ये कलकत्त्यात एका विचित्र आजाराच्या नोंदी झाल्या. दोन्ही पाय सुजायचे, बोटाने दाबले की खड्डा पडायचा. जोडीला जुलाब, बारीक ताप, पायांची कातडी लाल, गरम आणि हुळहुळी. पुढे धाप लागायची आणि काही रोगी हृदय थकून दगावत. एकाच घरातली अनेक माणसे आजारी पडत, अंगावर पिणारी बाळे मात्र वाचत. पुढच्याच वर्षी मॉरिशसमध्ये, जिथे उसाच्या मळ्यांवर हजारो भारतीय मजूर नेलेले होते, तिथेही असाच आजार दिसला. सुजेला तेव्हा इंग्रजीत ड्रॉप्सी म्हणत. ही सूज साथीसारखी यायची म्हणून नाव पडले एपिडेमिक ड्रॉप्सी. आपण तिला साथीची सूज म्हणू.

साथ म्हटले की डॉक्टरचे मन जंतूकडे धावते. तो काळही तसाच होता. एकेका रोगाचा जंतू सापडत होता, मग याचाही असणारच. दुसरा संशय बेरीबेरीचा. त्यातही पाय सुजतात आणि हृदय थकते. जावामध्ये आइकमान यांनी कोंबड्यांवर प्रयोग करून बेरीबेरीचा संबंध सडलेल्या म्हणजे पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाशी जोडून दाखवला होता. बंगाल तर भात खाणारा प्रांत. त्यामुळे कलकत्त्याच्या सुजेतही तांदूळच आरोपी ठरला. दमट गोदामात साठवलेल्या तांदळावर जंतू वाढतात आणि त्यांचे विष भातातून पोटात जाते, असे मत त्या काळातल्या मोठ्या डॉक्टरांनी मांडले. १९२५ च्या सुमाराला अ‍ॅक्टन आणि रामनाथ चोप्रा यांच्यासारखे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेतले नामवंतही तांदळाच्याच बाजूचे होते.

हे वाचून त्यांना हसू नका. रोग भात खाणाऱ्या घरांत दिसत होता हे खरेच होते. पण त्याच घरांत मासे, भाज्या, डाळ, सगळे मोहरीच्या तेलात होत होते, हेही तितकेच खरे होते. जो भात खातो तोच मोहरीचे तेल खातो, अशी परिस्थिती असली की नुसत्या निरीक्षणाने दोघांतला गुन्हेगार वेगळा काढता येत नाही. आणि बेरीबेरीचे उत्तर तांदळात सापडल्यावर तिथून नजर हटवणे अवघड होते. तरी बारकाईने तपासले तर दोन रोगांत फरक होता. बेरीबेरीत बहुधा नसा बिघडतात, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. साथीच्या सुजेत ही प्रतिक्षिप्त क्रिया टिकून असते, उलट बेरीबेरीत न दिसणारी लाली, ताप आणि जुलाब असतात.

१९२६ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जावामध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून बेरीबेरी बरा करणारा पदार्थ शुद्ध स्वरूपात काढला. आज आपण त्याला व्हिटॅमिन बी-१ म्हणतो. आणि त्याच वर्षी भारतात सरकार नावाच्या डॉक्टरांनी सुचवले की साथीच्या सुजेचे कारण तांदूळ नसून मोहरीच्या तेलात मिसळलेले काटेरी झाडाच्या बियांचे तेल आहे. ते झाड म्हणजे शियालकाँटा, आपला पिवळा धोत्रा.

पहिल्या नोंदीपासून इथपर्यंत ४९ वर्षे गेली. या सगळ्या काळात झाड लपलेले नव्हते. मोहरीच्या शेतात, रस्त्यावर, खुद्द रोग्यांच्या परसात ते फुलत होते. डॉक्टर रोगी तपासत होते, रसायनतज्ज्ञ तांदूळ तपासत होते, आणि खिडकीबाहेरच्या पिवळ्या फुलाकडे बघायचे कारणच कोणाला दिसत नव्हते. फोटो काढून अ‍ॅपमध्ये टाकला की दोन सेकंदांत नाव कळते, हे उत्तमच आहे. पण कलकत्त्यात अडले ते नावावर नव्हते. झाडाला नाव लिनियसपासून होते. बियाणे घाण्यात कसे जाते आणि घाण्यातून ताटात कसे येते, ही वाट कोणी पाहिली नव्हती.

ती वाट साधी आहे. मोहरी मार्चच्या आसपास काढणीला येते आणि पिवळ्या धोत्र्याची बोंडेही त्याच सुमाराला पिकतात. शेतात तण राहिले तर दोन्ही एकत्र कापले जातात, एकत्र मळले जातात. दाणे आकाराने आणि रंगाने जवळजवळ सारखे, चाळणीतून सुटणारे नाहीत. ही झाली नकळत भेसळ. दुसरी जाणूनबुजून : रानात फुकट मिळणारे तेलबी, आणि मोहरी महाग. उरलेला हिशेब तुम्ही करू शकता.

सरकारांच्या मतावर सर्वांचा लगेच विश्वास बसला नाही, आणि ते योग्यही होते, कारण पुरावा अजून हवा होता. तो १९३७ मध्ये लाल आणि रॉय यांच्या अभ्यासातून आला. नंतर १९३९ मध्ये चोप्रा आणि सहकाऱ्यांनी माणसांना हे भेसळीचे तेल देऊन तीच सूज निर्माण होते हे दाखवले. होय, तेच रामनाथ चोप्रा. आधी तांदळाच्या बाजूने लिहिलेल्या माणसाने नंतर तेलाचा प्रयोग केला, याचे मला फार मोल वाटते. मुद्दाम विष देऊन केलेल्या अशा प्रयोगाला आजच्या नैतिक समितीची परवानगी मिळाली नसती, हेही सांगून ठेवतो. १९४० च्या दशकात तेलातले नेमके विष वेगळे काढण्यात आले : सँग्विनारीन. लॅटिन 'सँग्विस' म्हणजे रक्त. उत्तर अमेरिकेत लाल चिकाची ब्लडरूट नावाची वनस्पती आहे, तिच्यावरून हे नाव आले.

हे सँग्विनारीन करते काय? आपल्या शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, केशवाहिन्या, त्याच्यामुळे सैलावतात आणि पाझरू लागतात. रक्तातले पाणी आणि प्रथिने बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत उतरतात. गुरुत्वाकर्षणामुळे ते पाणी आधी पायांत साठते. रक्तवाहिन्या सैल पडल्याने कातडी लाल आणि गरम लागते. पेशींच्या पडद्यावर सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा पंप असतो, त्यालाही हे विष अडवते. हृदयाचे स्नायू त्यात सापडले की धाप लागते. मूत्रपिंडाच्या आजारात सूज बऱ्याचदा सकाळी डोळ्यांभोवती दिसते आणि लघवीतून प्रथिने जातात. इथे सूज पायांपासून सुरू होते आणि लघवीचा रिपोर्ट बहुधा साफ येतो.

आणि डोळे. काही रोग्यांत डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. तोही डोळा लाल न होता, न दुखता. रोगी एवढेच सांगतो की दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. आर्जेमोन हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले तो 'आर्गेमा' म्हणजे डोळ्यावरचा पांढरा डाग. प्राचीन ग्रीक वैद्य त्या नावाची दुसरीच एक वनस्पती डोळ्यांच्या औषधासाठी वापरत. आपल्याकडेही खेडोपाडी डोळे आले की पिवळ्या धोत्र्याचा चीक घालणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू नका. चिकाने डोळ्याची आग होते आणि बुबुळाला इजा होऊ शकते.

कारण कळल्यावर रोग संपायला हवा होता. तो संपला नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोठी साथ आली. सुमारे ३००० माणसे आजारी पडली, ६० हून अधिक दगावली. मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. मी त्या वेळी एमडी करत होतो. आमच्या वॉर्डात असा एकही रोगी आला नाही, पण वर्तमानपत्र वाचून आम्ही सगळे धावत जाऊन पार्कचे ते पान उघडले, जे परीक्षेनंतर कोणी उघडले नव्हते. सर्वाधिक झळ बसली ती सुटे तेल घेणाऱ्या घरांना, म्हणजे रोजच्या मजुरीतून पावशेर तेल आणणाऱ्यांना. पत्र्याच्या डब्यातून मापून दिलेल्या तेलावर कोणाचेच नाव नसते, त्यामुळे दोष कोणाचा हेही ठरत नाही.

महाराष्ट्रात हे झाड भरपूर असूनही हा रोग इतका कमी का, याचे उत्तर आपल्या फोडणीत आहे. आपले तेल परंपरेने शेंगदाण्याचे, करडईचे, तिळाचे, जवसाचे. मोहरी आपण दाण्याने खातो, चमचाभर. झाड तेच, माती जवळजवळ तीच, फरक घाण्याचा. पण आता शहरांत मोहरीचे तेल सर्रास मिळते, उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांत ते रोज वापरले जाते, आणि 'लाकडी घाण्याचे शुद्ध तेल' ही नवी हौसही आहे. हौसेला माझी हरकत नाही. घाणेवाल्याला मात्र एक विचारा : बी कुठून आणता आणि निवडून घेता का? लाकडी घाणा विष गाळत नाही. तेल शिजवले की विष जाईल, अशीही समजूत नको; या सगळ्या साथी शिजवलेल्या अन्नातूनच झाल्या. बाळाच्या मालिशसाठी सुटे मोहरीचे तेल आणत असाल तर तेही लक्षात ठेवा, कारण त्वचेतून विष शोषले जाऊन आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

घरात मोहरी तपासायची तर पांढऱ्या ताटलीत पसरा आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो, पिवळ्या धोत्र्याचा काळा आणि खरबरीत, त्यावर जाळीसारखी नक्षी. दाणा चिरडून बघा : मोहरी आतून पिवळी, हा आतून पांढरा. तेलाची तपासणी घरी करू नका. प्रयोगशाळेत तेलात नायट्रिक आम्ल घालतात. धोत्र्याचे तेल असेल तर तपकिरी ते नारिंगी-लाल रंग येतो. पण ही चाचणी साधारण पाव टक्क्यापेक्षा कमी भेसळ पकडत नाही. त्याहून बारीक तपासासाठी क्रोमॅटोग्राफी लागते.

घरातल्या दोघा-तिघांचे पाय एकाच आठवड्यात सुजले, सोबत जुलाब झाले, तर डॉक्टरकडे जाताना स्वयंपाकाच्या तेलाची बाटली बरोबर न्या आणि ते तेल त्या दिवसापासून बंद करा. या विषावर उतारा नाही. तेल बंद करणे, विश्रांती, पाय उंच ठेवणे, प्रथिनयुक्त आहार, गरजेनुसार लघवी वाढवणारी औषधे आणि हृदयावर लक्ष, एवढेच उपचार. डोळ्यांचा दाबही एकदा मोजून घ्या. बहुतेक रोगी काही आठवड्यांत सावरतात.

राहिले अंगणातले झाड. त्याला नुसता हात लागला तर काट्यांखेरीज काही होत नाही, घाबरायचे कारण नाही. पण उपटायचे असेल तर फुले असतानाच, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. बोंडे उकलू लागली असतील तर झाड हलवण्याआधी ती एका पिशवीत कापून घ्या, आणि कंपोस्टमध्ये टाकू नका. बी मातीत पडून राहते आणि पुढच्या थंडीत पुन्हा उगवते. शेत असेल आणि त्यात मोहरी असेल, तर काढणीच्या आधी एकदा बांधावरून चक्कर मारून या.